ऊसवाहू ट्रॉलीचा जोड व तिच्या कमानी

गळिताचा हंगाम जवळ आला कीं साखर कारखान्यांत यंत्रांची डागडुजी सुरू होते, आणि त्याच सुमारास आपल्याकडील शेतकरी आपापल्या ट्रॉल्या वेल्डिंगवाल्याच्या दारीं नेऊन उभ्या करतात. "पाटे वाढवून द्या," हें त्या दिवसांत तेथें सर्वांत अधिक वेळां ऐकूं येणारें वाक्य होय. गेल्या हंगामांत कमान बसली, एखादा पाटा तुटला, ट्रॉली एका अंगास कलली. तेव्हां यंदा प्रत्येक बाजूस दोन पाटे जास्त घालावे म्हणजे काम भागलें, असा हा हिशेब असतो. हा हिशेब कोठें चुकतो, आणि तेवढ्याच किंवा थोड्या अधिक खर्चांत ट्रॉलीची खरी सुधारणा कशी करतां येते, हें सांगण्यासाठीं प्रस्तुत लेख लिहिला आहे. ट्रॅक्टरशीं असलेला जोड आणि चाकांवरील कमानी या दोन गोष्टी कारागीर निरनिराळ्या समजतो. वस्तुतः एकीवर केलेलें काम दुसरीला लागल्याशिवाय राहत नाहीं.

ज्यांनीं बैलगाडी स्वतः हांकली आहे त्यांस या विषयाचें अर्धें ज्ञान अगोदरच आहे. गाडींत पोतीं भरल्यावर जुना गाडीवान बैल जुंपण्यापूर्वीं जूं हातानें उचलून पाही. जूं उचलतां उचलेना, म्हणजे ओझें फार पुढें आलें, गाडी धुरजड झाली. जूं आपोआप वर जाऊं लागलें, म्हणजे ओझें मागें गेलें, गाडी उलाळ झाली. धुरजड गाडीनें बैलांच्या माना सुजत. उलाळ गाडीनें जोतें गळ्याला रुतून त्यांचा श्वास कोंडे. म्हणून एखाददुसरें पोतें पुढें-मागें सरकवून जुवावर बेताचाच भार राहील अशी तजवीज तो करी. ही परीक्षा करावयास त्याला काटा लागत नसे कीं शाळा लागत नसे. ट्रॅक्टरची मान सुजत नाहीं व तो कण्हतही नाहीं. एवढ्यामुळेंच आपण ही परीक्षा सोडून दिली. भार मात्र पूर्वीं अर्ध्या-एक टनाचा होता तो आतां पांच-सहा टनांचा झाला आहे.

आपल्याकडील ट्रॉल्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक दोन चाकांची. तिची दांडी साट्याला घट्ट जोडलेली असते आणि तिच्या भाराचा कांहीं अंश ट्रॅक्टरच्या हुकावर पडतो. ही बैलगाडीची सख्खी बहीण. दुसरी चार चाकांची. तिचा पुढचा आंस एका आडव्या फिरत्या चक्राखालीं बसविलेला असतो आणि तिची दांडी बिजागरीवर वरखालीं हालते. या दुसरीचा भार तिच्या चार चाकांवरच राहतो, ट्रॅक्टरनें ती फक्त ओढावयाची असते. त्यामुळें धुरजड व उलाळ यांचा विचार मुख्यतः दुचाकी ट्रॉलीला लागू आहे. ओढ किती उंचीवरून घ्यावयाची हा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारांत सारखाच आहे.

आतां थोडें गणित करूं. आंकडे सोयीसाठीं पूर्ण घेतले आहेत; वाचकांनीं आपापल्या ट्रॅक्टरचे घालून पाहावे. ट्रॅक्टरचें वजन २००० किलो, पैकीं पुढच्या चाकांवर ८०० व मागच्या चाकांवर १२००. पुढच्या व मागच्या आंसांतील अंतर २ मीटर. हूक मागच्या आंसाच्या मागें ८० सेंटिमीटर. ट्रॉली उसासह ६ टन, आणि हुकापासून तिच्या आंसापर्यंतचें अंतर ३ मीटर. या सहा टनांचा भारमध्य आंसाच्या पुढें २५ सेंटिमीटरवर असेल, तर ६००० ला २५ नें गुणून ३०० नें भागलें असतां हुकावर ५०० किलो भार येतो. हा भार ट्रॅक्टरच्या मागच्या आंसामागें लोंबत असल्यामुळें तो तरफेप्रमाणें पुढचीं चाकें २०० किलोंनीं हलकीं करतो. राहिले ६००. सपाट रस्त्यावर यांत भिण्यासारखें कांहीं नाहीं. उलट मागच्या चाकांवर वजन वाढल्यानें तीं घसरत नाहींत.

पण शेतांतून रस्त्यावर येतांना चढ असतो. दहांत एक असा चढ धरला तर सहा टनांची ट्रॉली वर ओढण्यास चढापुरते सुमारें ६०० किलो, आणि कच्च्या वाटेच्या अडथळ्यास शेंकडा पांच धरले तर ३०० किलो, मिळून ९०० किलोंची ओढ लागते. हूक जमिनीपासून ५० सेंटिमीटर उंच असेल तर ही ओढ पुढचीं चाकें आणखी २२५ किलोंनीं हलकीं करते. चढावर ट्रॅक्टरचें स्वतःचेंच वजन मागें कलतें, त्याचे सुमारें ७० किलो. बाकी राहिले ३०५. सुकाणू हातांत राहण्यास ट्रॅक्टरच्या वजनाचा निदान पांचवा हिस्सा, म्हणजे येथें ४०० किलो, पुढच्या चाकांवर असावा असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. म्हणजे सर्व कांहीं बेताचें असूनही या चढावर पुढें वजन कमीच पडलें.

आतां मोळ्या रचतांना भार पुढें आला, आणि भारमध्य आणखी २० सेंटिमीटर पुढें सरकला असें समजा. हुकावर ९०० किलो. त्यानें पुढचीं चाकें ३६० किलोंनीं हलकीं. चढावर बाकी १४५. त्यांतच हूक ५० सेंटिमीटरच्या ऐवजीं ८० सेंटिमीटर उंचीवर असेल तर ओढीचा परिणाम २२५ च्या जागीं ३६० होतो, आणि पुढच्या चाकांवर बाकी राहतात अवघे १० किलो. चाकें जमिनीला टेकलेलीं दिसतात, एवढेंच. क्लच जरा झटक्यानें सुटला कीं तोंड वर उचललें गेलेंच समजावें. येथें ध्यानांत घ्यावयाचें तें हें कीं भारमध्य दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम अर्धी वीत, सरकला कीं हुकावर २०० किलोंचा फरक पडतो. ऊस भरणाऱ्या टोळीला अर्ध्या वितीचें काय महत्त्व वाटणार? आणि तिला तें कोणी सांगितलेलेंही नसतें.

उलाळ ट्रॉलीची तऱ्हा निराळी. उसाचीं टोकें मागें फार लोंबतीं ठेवलीं, किंवा गव्हाणीवर पुढचा ऊस आधीं उतरविला, म्हणजे भारमध्य आंसाच्या मागें जातो व दांडी हुकाला वर उचलूं लागते. मागच्या चाकांवरचें वजन कमी होऊन तीं जागच्या जागीं फिरतात. वेगांत ट्रॉली शेपटासारखी हेलकावे खाते. पिनेला खीळ नसेल तर ती वर उडून बाहेर पडते. अशा अर्धवट रिकाम्या ट्रॉलीची पिन काढतांना दांडी एकदम वर येऊन वांकलेल्या माणसाच्या हनुवटीवर वा छातीवर बसते. म्हणून पिन काढण्यापूर्वीं दांडीखालीं ठोकळा आणि चाकांना अडणी देणें, व माणसानें दांडीवर न वांकतां बाजूस उभें राहणें, या गोष्टी घरच्या पोरांनाही शिकवून ठेवाव्या.

मग हुकावर भार असावा तरी किती? दुचाकी ट्रॉलीच्या एकंदर वजनाचा सुमारें दहावा हिस्सा हें प्रमाण बहुधा ठीक पडतें. मात्र ट्रॅक्टरच्या पुस्तिकेंत हुकावरील भाराची जी मर्यादा छापलेली असते ती ओलांडूं नये. दहाव्या हिश्श्यानें ती ओलांडली जात असेल तर ट्रॉलींत भरच कमी घालावी. हा भार मोजण्याचें साधन आपल्या सर्वांच्या रोजच्या वाटेवर आहे. कारखान्याच्या किंवा बाजारांतील वजनकाट्यावर प्रथम एकटा ट्रॅक्टर, ट्रॉली सोडून, वजन करून घ्यावा. मग भरलेली ट्रॉली जोडून ट्रॅक्टर तेवढा काट्यावर व ट्रॉलीचीं चाकें काट्याबाहेर सपाट जमिनीवर राहतील असा उभा करावा. दुसऱ्या वजनांतून पहिलें वजा केलें कीं हुकावरील भार निघाला. त्याच ओघांत ट्रॅक्टरचीं फक्त पुढचीं चाकें काट्यावर ठेवून तेंही वजन पाहून घ्यावें. हंगामांत काट्यापुढें मोठी रांग असते हें खरें. पण रांग नसेल अशी वेळ साधून हें काम एकदांच करावयाचें आहे. जुना गाडीवान जूं उचलून जें पाही तेंच हें.

ही आठवण आम्हांस स्वतःला उशिरा झाली. आमच्या वस्तीवरील दुचाकी ट्रॉलीच्या कमानींत प्रत्येकीं सात पाटे होते. एका हंगामांत दोन तुटले म्हणून आम्हीं नऊ पाट्यांच्या कमानी करून घेतल्या आणि मोठें शहाणपण केलें असें समजून त्या वर्षीं भरही वाढविली. माघांत एका सकाळीं कालव्याच्या भरावावर चढतांना ट्रॅक्टरचें तोंड हातभर वर उचललें गेलें. चालविणाऱ्या गड्यानें क्लच दाबला, तोंड खालीं आलें, परंतु ट्रॉली मागें ओढूं लागली आणि ती कालव्याच्या कडेस बांधाला अडली म्हणूनच थांबली. गडी वांचला. संध्याकाळीं पाहतों तों कमान जेथें साट्याला अडकते त्या कानाच्या वर चौकटीचा पन्हाळ उभा चिरलेला. नंतर काट्यावर पाहिलें तेव्हां हुकावरील भार ८४० किलो निघाला. पाटे वाढवून आम्हीं ट्रॉली बळकट केली नव्हती. जें आधीं पाट्यांत तुटत होतें तें चौकटींत आणि जोडांत तुटूं लागलें, एवढाच फरक पडला होता.

असें कां होतें हें कळण्यास कमानीचा गुण समजून घ्यावा लागतो. कमानीचा ताठरपणा पाट्यांच्या संख्येच्या व रुंदीच्या प्रमाणांत वाढतो. परंतु जाडीच्या घनाच्या प्रमाणांत वाढतो, आणि लांबीच्या घनाच्या प्रमाणांत घटतो. म्हणजे सातांचे नऊ पाटे केले तर ताठरपणा दोन सप्तमांशांनीं वाढला. पण आठ मिलिमीटर जाडीच्या पाट्यांऐवजीं दहा मिलिमीटरचे घातले तर तो जवळजवळ दुप्पट झाला. उलट तीच कमान लांबींत एक दशांशानें वाढविली तर ताठरपणा चतुर्थांशानें कमी होतो. म्हणून ज्याला भार सोसणारी आणि तरीही लवणारी कमान हवी त्यानें आंखूड, जाड पाट्यांकडे न जातां लांब, पातळ व संख्येनें अधिक पाट्यांकडे जावें. अशा कमानीला लोखंड अधिक लागतें व ती महाग पडते. आमच्या मतें ट्रॉलीवर केलेल्या खर्चांत हा खर्च सर्वांत लवकर भरून येतो.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलत नाहीं. ट्रॉली जितकी वाट भरून चालते तितकीच वाट रिकामी परत येते. भरल्या ट्रॉलीखालीं जी कमान थोडी तरी लवते, तीच ताठ केलेली कमान रिकाम्या ट्रॉलीखालीं मुळींच लवत नाहीं. परतीच्या वाटेवर गडी वेगांत असतो, प्रत्येक खड्ड्यावर ट्रॉली उडते, आणि ते सर्व धक्के दांडीवाटे हुकाच्या पिनेवर बसतात. कडीचें भोंक लांबट होतें, पिन झिजते, झिजेमुळें जोडांत ढिलाई येते, आणि ढिलाईमुळें पुढचा धक्का आणखी मोठा बसतो. जोड खराब झाला म्हणून जो शेतकरी नवी कडी वेल्ड करून घेतो त्याच्या दुखण्याचें मूळ पुष्कळदां कमानींत असतें.

पाटा बहुधा तुटतो तो मधल्या बोल्टाच्या भोंकापाशीं. तेथें भोंकामुळें पाटा दुबळा असतोच. आंसाशीं कमान आंवळणारे यू-बोल्ट घट्ट असेपर्यंत त्या जागेला लवावें लागत नाहीं, म्हणून तो टिकतो. यू-बोल्ट सैल झाले कीं सर्व लवणूक त्या भोंकावर येते. नवी कमान बसविल्यावर पहिल्या दोन-तीन खेपांनंतर, ट्रॉली भरलेली असतांना, यू-बोल्ट पुन्हां आंवळावे. पाटे एकमेकांवर बसून तेवढ्या वेळांत हमखास ढिलाई येते. तुटलेला पाटा वेल्डिंगनें जोडणें, किंवा पाट्याला लागून दुसरें कांहीं वेल्ड करणें, हें कधींही करूं नये. पाट्याचें पाणी उष्णतेनें उतरतें आणि तो आंच लागलेल्या जागेच्या शेजारींच पुन्हां तुटतो. एका बाजूची कमान बदलली तर दुसरीही बदलावी. जुनी बसलेली व नवी ताठ अशी जोडी केली तर ट्रॉली एका अंगास कलते, आणि उंच रचलेल्या उसाची ट्रॉली कलणें म्हणजे काय तें वाचकांस सांगावयास नको.

कमान उंच करण्याचा मोह त्याच कारणासाठीं टाळावा. आंसाखालीं असलेली कमान काढून आंसावर बसविली म्हणजे साटा चार-सहा इंच वर येतो, चाकांस जागा मोकळी होते, हें दिसावयास चांगलें दिसतें. पण ऊस आधींच साट्याच्या कितीतरी वर रचलेला असतो; त्याचा भारमध्य आणखी वर नेणें म्हणजे बांधावरून उतरतांना उलटण्यास आमंत्रण देणें होय.

कमानींची दुरुस्ती व जोडाची दुरुस्ती एकाच वेळीं कां करावी तें आतां सांगतां येईल. कमानींचे कान साट्याच्या चौकटीवर जेथें वेल्ड केले जातात तेथें आंस येतो, आणि आंस जेथें येतो त्यावर हुकावरील भार ठरतो. म्हणून नव्या कमानींसाठीं जुने कान कापावे लागणारच असतील तर ते पुन्हां त्याच जागीं लावण्यापूर्वीं काट्यावरील आंकडा पाहावा. वर दिलेल्या उदाहरणांत धुरजड ट्रॉलीचा भारमध्य आंसाच्या ४५ सेंटिमीटर पुढें होता व हुकावर ९०० किलो होते. आंस १५ सेंटिमीटर पुढें घेतला तर हुकावर सुमारें ६३० किलो राहतात. एकही मोळी कमी न करतां हुकावरील २७० किलो उतरले. आम्हीं आमच्या ट्रॉलींत अखेर हेंच केलें आणि चिरलेल्या पन्हाळाला आंतून पट्टी देऊन कान बारा सेंटिमीटर पुढें घेतले. मात्र आंस फार पुढें आणला तर गव्हाणीवर ऊस उतरतांना ट्रॉली उलाळ होते. तेव्हां अर्धी उतरलेली ट्रॉलीही विचारांत घेऊनच माप ठरवावें.

आतां जोडाची जागा. ओढणाऱ्या वाहनाच्या मागच्या आंसामागें लोंबणारा भार त्याचें तोंड उचलतो, हें वर पाहिलें. या अडचणीवर मोटारवाल्यांनीं काढलेली तोड जाणण्यासारखी आहे. घोड्यांच्या चारचाकी गाड्यांत पुढचा आंस वळावा म्हणून त्यावर एक आडवें चक्र बसवीत. चार चाकांखेरीज हें आणखी एक, म्हणून इंग्रजींत त्याला पांचवें चाक असें नांव पडलें. आपल्या चारचाकी ट्रॉलीच्या पुढच्या आंसावर जें फिरतें चक्र असतें तें याच घराण्यांतलें. मोटारी आल्यावर तेंच नांव ट्रकाच्या पाठीवरील त्या जाड तव्यासारख्या जोडाला मिळालें, ज्यांत ट्रेलरच्या पोटाखालून निघालेली खुंटी अडकते. महामार्गावर कंटेनर ओढणारे जे ट्रेलर आपण पाहतों त्यांचा जोड हाच. ती खुंटी सामान्यतः ५० मिलिमीटर जाडीची, व अत्यंत जड ट्रेलरांत ९० मिलिमीटरची असते. या जोडाचें मर्म चक्रांत नसून त्याच्या जागेंत आहे. तो मागच्या आंसाच्या मागें नसून आंसाच्या डोक्यावर, किंबहुना किंचित् पुढें, बसविलेला असतो. त्यामुळें ट्रेलरचा मोठा भार अंगावर घेऊनही ट्रकाचें तोंड उचललें जात नाहीं.

ट्रॅक्टरच्या पाठीवर असा जोड करतां येत नाहीं. तेथें अवजारें उचलण्याचे हात असतात आणि चालविणारा बसतो. पण त्यांतील तत्त्व घेतां येतें: हूक मागच्या आंसाला जितका जवळ आणि जमिनीला जितका बेताचा खालीं, तितका चांगला. वरच्या उदाहरणांत ८० सेंटिमीटरवरचा हूक ६० वर आणला तर ५०० किलो भारानें पुढचीं चाकें २०० ऐवजीं १५० किलोंनींच हलकीं होतात. मात्र हूक इतका जवळ नसावा कीं वळतांना दांडी मागच्या टायरला घासेल. पूर्ण वळण घेऊन, जमीन उंचसखल असेल तेथेंही, हें प्रत्यक्ष पाहून घ्यावें. अवजारें उचलण्याच्या हातांना आडवी पट्टी लावून तिला ट्रॉली जोडण्याची चाल कोठें कोठें आहे. हात वर राहिले तर ओढ मागच्या आंसाच्याही वरून लागते, आणि अशा वेळीं चढावर ट्रॅक्टर मागें उलटतो तो चालविणाऱ्यास उडी मारण्याइतकीही सवड देत नाहीं. वरच्या तिसऱ्या दांडीला तर कांहींही ओढावयास कधींच जोडूं नये. पुढें लोखंडी वजनें लावणें हा पूरक उपाय आहे. पुढच्या आंसाच्या ६० सेंटिमीटर पुढें टांगलेलें १०० किलो वजन पुढच्या चाकांवर १३० किलोंचें काम करतें.

पिनेविषयीं थोडक्यांत. पिन वरच्या व खालच्या अशा दोन ओठांतून गेलेली असावी व कडी त्या दोहोंच्या मध्यें असावी. एकाच ओठावर उभी केलेली पिन वांकते. तीस मिलिमीटरची पिन झिजून सत्तावीसची झाली तर ती दशांशानें कमजोर झाली असें नव्हे. वांकण्याविरुद्ध तिची ताकद चतुर्थांशाहून अधिक गेलेली असते. बांधकामाच्या सळईचा तुकडा पिन म्हणून घालणें हा तर जिवाशीं खेळ आहे, आणि तो आपल्या भागांत कमी चालतो असें नाहीं. बैलगाडीच्या आंसाला कुणी असल्याशिवाय कोणी चाक घालीत नसे. मग सहा टनांच्या पिनेखालीं दहा रुपयांची खीळ कां नसावी? शिवाय दांडीखालून दोन साखळ्या एकमेकींना छेदून ट्रॅक्टरला अडकवाव्या, म्हणजे पिन गेली तरी दांडी जमिनींत रुतत नाहीं.

अमेरिकेंत लोक राहण्याचें घरच ट्रेलरवर घालून हिंडतात, आणि त्यांतील मोठीं घरें वर सांगितलेल्या पांचव्या चाकानेंच ओढतात. त्यांच्या ट्रेलरांस बहुधा दोन आंस असून प्रत्येक बाजूस दोन कमानींच्या मध्यें एक डोलती दांडी असते. एक चाक दहा सेंटिमीटरच्या दगडावर चढलें तर ती दांडी तराजूप्रमाणें कलते व साटा पांचच सेंटिमीटर वर येतो. या दांडीच्या व शॅकलांच्या भोंकांत कारखान्यांतून पुष्कळदां प्लॅस्टिकचे बुश येतात. ते लवकर झिजतात आणि मग लोखंडावर लोखंड घासूं लागतें. तेथील जाणते मालक ते काढून कांशाचे बुश, पोटांतून ग्रीस जाईल असे पोकळ बोल्ट आणि जाड शॅकल घालतात. आपल्याकडे माती-मुरूम वाहणाऱ्या जोडआंसी ट्रॉल्या कोठें कोठें दिसतात; त्यांच्या मालकांनीं हें अनुकरण अवश्य करावें. एक आंसाच्या ट्रॉलीलाही कांशाचा बुश आणि ग्रीस-निपल असलेली पिन कोणताही बरा लेथवाला करून देतो. जोडआंसी ट्रॉलीच्या बाबतींत हुकाची उंची विशेष जपावी लागते: डोलती दांडी नसेल आणि हूक फार उंच असेल तर पुढचे टायर हलके होऊन सारें ओझें मागच्या आंसावर जातें.

ब्रेकाविषयीं वेगळा लेख लिहावा लागेल. येथें एवढेंच कीं ज्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहींत तिच्या कमानी व जोड कितीही उत्तम असले तरी उतारावर सहा टन ओझें दोन टनांच्या ट्रॅक्टरला मागून रेटतें, आणि ट्रॅक्टर आडवा होतो. ट्रॉलीला ब्रेक बसविण्याचें काम पाटे वाढविण्याच्या कितीतरी आधीं यावें. तोंवर उतरतांना ज्या गियरांत चढलों असतों त्याच गियरांत उतरावें आणि गियर मोकळा करून डिझेल वांचविण्याचा विचार मनांतही आणूं नये. मागें तांबडे परावर्तक लावणें व रात्रीं रस्त्यांत बंद पडलेल्या ट्रॉलीमागें कांहीं खूण ठेवणें यांचा या विषयाशीं साक्षात् संबंध नाहीं. परंतु हंगामांत रात्रीं उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळून माणसें जातात, म्हणून तेंही येथेंच लिहून ठेवतों.

कायद्याचीही एक बाब आहे. मोटर वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ अन्वयें नोंदणीपत्रांतील तपशील बदलेल असा फेरफार वाहनांत मनास येईल तसा करतां येत नाहीं. कमान त्याच मापाची नवी घालणें, बुश व पिना बदलणें ही दुरुस्ती झाली. आंसाची जागा बदलणें, आंस वाढविणें किंवा लांबी वाढविणें असेल तर परिवहन कार्यालयांत आधीं विचारून घ्यावें. नोंदणीपत्रांत जें भरलेलें वजन लिहिलेलें असतें तें नव्या कमानींनीं वाढत नाहीं, आणि अपघात झाल्यास विम्याचा माणूस प्रथम तोच आंकडा पाहतो.

हंगाम सुरू झाल्यावर दर पंधरवड्यास अर्धा तास या कामाला द्यावा. यू-बोल्टांवर पाना फिरवून पाहावा. पिन काढून तिची जाडी मोजावी. कडीचें भोंक लांबट झालें आहे काय तें बोटानें चांचपावें. पाट्यांच्या कडांवर गंजाची तांबूस रेघ दिसली तर तेथें चीर आहे असें समजून दिवा धरून बघावें. कानांच्या वेल्डिंगवरील चिखल खरवडून काढावा आणि सर्व निपलांत ताजें ग्रीस बाहेर दिसेपर्यंत भरावें. हें काम रिकाम्या ट्रॉलीवर, दिवसा उजेडीं आणि शक्य तर चालविणाऱ्या गड्याच्याच हातून करून घ्यावें.